‘सर्वजण’ नावाचा माणूस आणि तुमचा कृती आराखडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वस्तीच्या मधोमध एक मोकळी सार्वजनिक जागा आहे. गवत माजलंय, कोपऱ्यात कचरा साचतो, संध्याकाळी अंधार असतो. मुलांना खेळता यावं, वयस्कांना बसता यावं अशी ती व्हावी, ही सगळ्यांचीच इच्छा. तीन बैठका झाल्या, प्रत्येक बैठकीला तीस-चाळीस माणसं आली, उत्साहाला तोटा नव्हता. पण जागा होती तशीच आहे. “आता कृती आराखडा करायचं ठरलंय. कच्चा कागद सोबत जोडला आहे. कुठे चुकतंय आणि पुढे कसं जायचं?”

तुमचा कागद वाचला. सात ओळी आहेत. पहिली ओळ अशी: ‘स्वच्छता – सर्वजण – लवकरात लवकर’. दुसरी: ‘परवानगी – समिती – पाठपुरावा सुरू’. तिसरी: ‘झाडं लावणे – तरुण मंडळी – योग्य हंगामात’. पुढच्या चारांपैकी तीन ओळींत पुन्हा ‘सर्वजण’.

घोडं इथेच पेंड खातंय. वीसेक वर्षं मी हेच काम करते आहे, निरनिराळ्या वस्त्यांत शेकडो बैठकांना बसले आहे, पण हा ‘सर्वजण’ नावाचा गृहस्थ मला अजून एकदाही भेटलेला नाही. कागदावर त्याच्याइतकं काम कोणाच्याच वाट्याला येत नाही, आणि कामाच्या दिवशी तो हमखास गैरहजर असतो.

यात तुमच्या वस्तीचा काही दोष नाही, माणसं अशीच वागतात. १९६८ साली बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून आपसांत इंटरकॉमवर बोलायला सांगितलं आणि मध्येच एकाला फेफऱ्याचा झटका आल्याचं नाटक ऐकवलं. ‘हे ऐकणारा मी एकटाच आहे’ असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ८५ टक्के लोक झटका संपायच्या आत मदतीला उठले. ‘आणखी चार जण ऐकताहेत’ असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले फक्त ३१ टक्के. माणसं तीच, कळकळही तीच असणार. फक्त जबाबदारी पाचांत वाटली गेली. तुमच्या बैठकीत ती चाळिसांत वाटली जाते.

आणखी एक गंमत. उद्दिष्टं ‘स्मार्ट’ असावीत हे तुम्ही कुठल्या तरी प्रशिक्षणात ऐकलंच असेल. इंग्रजीतल्या पाच शब्दांची ती आद्याक्षरं. जॉर्ज डोरन यांनी १९८१ साली ती पहिल्यांदा मांडली तेव्हा त्यातल्या ‘ए’चा अर्थ होता ‘नेमून देता येण्याजोगं’, म्हणजे हे कोण करणार ते सांगता आलं पाहिजे. पुढे तोंडातोंडी फिरताना त्याचं ‘साध्य होण्याजोगं’ झालं आणि ‘कोण’ हा प्रश्नच गळून पडला. माझ्या मते बहुतेक आराखडे तिथेच मेले.

तेव्हा पहिला नियम लिहून ठेवा. ‘कोण’ या रकान्यात एकाच माणसाचं नाव येईल. मदतीला दहा जण असोत, त्यांची नावं कंसात. पण फोन करून ‘झालं का?’ असं विचारायचं ते एकालाच. समिती, मंडळ, तरुण, महिला गट, आम्ही, सर्व हे शब्द त्या रकान्यात चालणार नाहीत. नाव लिहिताना तो माणूस समोर हवा आणि त्याने स्वतः ‘हो’ म्हटलेलं हवं. गैरहजर माणसाच्या गळ्यात काम मारायची सवय सगळ्याच बैठकांना असते. त्याचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

पण रकाने आखायच्या आधी एक काम राहिलंय, आणि ते तुम्ही केलेलं नाही असं कागदावरून स्पष्ट दिसतं. तुम्ही त्या जागेत जाऊन बसला नाहीत.

तिथून जाता-येता पाहिलं असेल, तसं नव्हे. वही घेऊन तासभर बसायचं. एकदा सकाळी, एकदा दुपारी, एकदा अंधार पडताना, एकदा सुट्टीच्या दिवशी. कोण येतं, कुठून शिरतं, कुठे थांबतं, कुठे वळसा घालतं हे नुसतं मोजायचं. विल्यम व्हाइट नावाच्या गृहस्थांनी १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून महिनोन्‌महिने हेच केलं. मोठमोठ्या इमारतींसमोरचे काही चौक ओस का पडतात आणि काही गजबजलेले का असतात, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांना सापडलेलं उत्तर ऐकून हसू येतं: जिथे बसायला जागा असते तिथे लोक बसतात. पण हे मोजून दाखवलं म्हणूनच पुढे त्या शहराच्या नियमांत बसण्याच्या जागेची सक्ती आली.

मी हे स्वतः फजिती करून घेऊन शिकले. सुरुवातीच्या काळात एका जागेत आम्ही मोठ्या हौसेने सहा बाकं बसवली. नकाशावर फार सुरेख दिसत होती, एका रेषेत, भिंतीकडे पाठ करून. सहा महिने त्यावर कोणी बसेना. एके दिवशी एक आजी म्हणाल्या, “बसून बघायचं काय? समोर पण भिंतच आहे.” बरोबर होतं. माणसाला बसून माणसं बघायची असतात. खेळणारी मुलं उलट्या बाजूला होती. आम्ही कोणी तिथे आधी पाच मिनिटंही बसलो नव्हतो. पुढे बाकं उखडून फिरवावी लागली आणि त्याचा खर्च नव्याने बसवण्याइतकाच आला.

बसलात की आणखी एक गोष्ट दिसेल: ती जागा ‘रिकामी’ नाही. कोणी तिथून जवळची वाट काढलेली असते, कोणी कपडे वाळत घालतं, कोपऱ्यात पोरांची एक टोळी संध्याकाळी गप्पा मारत बसते आणि त्यांच्याबद्दल बैठकीत तक्रारीच होतात. ही सगळी माणसं तुमच्या बैठकीला आली नव्हती. चाळीस लोक आले म्हणजे वस्ती आली असं समजू नका. बहुधा त्याच घरांतली, त्याच वयाची, संध्याकाळचा वेळ मोकळा असलेली माणसं आली. उशिरा घरी परतणारे, घरातल्या आजाऱ्याला सोडून येऊ न शकणारे, बैठकीत बोलायला बुजणारे आणि मुलं हे चार गट जवळजवळ प्रत्येक ठिकाणी सुटतात. त्यांना बैठकीला बोलावू नका, ते यायचे नाहीत. त्यांच्याकडे तुम्ही जा. दारात उभं राहून दोन प्रश्न विचारा: तुम्ही तिथे जाता का, आणि जात नसाल तर का नाही? वीस घरं झाली की उत्तरं पुन्हापुन्हा तीच यायला लागतात. तेव्हा थांबा.

लोकसहभाग हा शब्द आपण फार सैल वापरतो म्हणून एक आठवण. शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ साली सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या दोन पायऱ्यांवर लोकांना नुसतं गुंडाळलं जातं. मधल्या तीन पायऱ्यांवर माहिती देतात, मत विचारतात, फार तर एखाद्याला समितीवर घेतात, पण निर्णय भलतेच करतात. वरच्या तीन पायऱ्यांवर लोकांच्या हातात खरोखर काही येतं. त्या लेखात पॅरिसच्या विद्यार्थ्यांचं एक भित्तिपत्रक छापलं होतं. त्यावर क्रियापद चालवलेलं: मी सहभागी होतो, तू सहभागी होतोस, आपण सहभागी होतो… आणि शेवटची ओळ, ‘ते फायदा उपटतात’. तुमच्या आराखड्यातला एक तरी निर्णय असा असू द्या जो त्या कोपऱ्यातल्या पोरांच्या हातात असेल. दिवा कुठे हवा हे त्यांना विचारा. त्यांच्याइतकं त्या अंधाराला कोणी ओळखत नाही.

आता ध्येय. तुमचं संकल्पनापत्र दीड पानांचं आहे आणि त्यात ‘सर्वांगीण’ हा शब्द चार वेळा आलाय. ते फाडू नका, पण बाजूला ठेवा. त्याऐवजी एक चित्र शब्दांत लिहा: आजपासून एक वर्षाने, आठवड्यातल्या एका साध्या दिवशी, संध्याकाळी सात वाजता तिथे उभं राहिलं तर काय दिसेल? एका गटाने माझ्यासमोर लिहिलेलं वाक्य असं होतं: ‘दोन दिवे चालू आहेत, दहा-बारा मुलं खेळताहेत, चार म्हातारी माणसं बसलेली आहेत आणि एक बाई एकटीच त्या वाटेने घरी चालली आहे.’ या वाक्यात सगळं आहे. किती दिवे ते आहे, बसायला किती जागा हवी ते आहे, आणि शेवटच्या तुकड्यात सुरक्षितता आहे. तो शब्द न वापरता. वर्षाने जाऊन मोजताही येतं.

या चित्रापासून मागे मागे या. सातला मुलं खेळायची तर उजेड हवा. उजेडासाठी खांब आणि वीजजोडणी. जोडणीसाठी अर्ज. अर्जासाठी जागा कोणाच्या नावावर आहे तो कागद. म्हणजे उद्या सकाळी करायचं काम हे: जागेची मालकी सांगणारा कागद मिळवणं. बघा, तुमच्या सात ओळींत हे कुठेच नाही. सुरुवातीकडून पुढे विचार केला की आपण आवडीची कामं लिहितो: झाडं, रंगरंगोटी, उद्घाटन. शेवटाकडून मागे आलं की नावडती पण खरी कामं सापडतात.

झाडांवरून आठवलं. एका ठिकाणी एका सकाळी साठ रोपं लावली. फोटो निघाले, भाषणं झाली. पाणी कुठून आणायचं हे कोणी विचारलंच नव्हतं. सगळ्यात जवळचा नळ शेजारच्या इमारतीच्या आवारात होता, त्याच्या फाटकाला कुलूप होतं, आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते गृहस्थ महिनाभर बाहेरगावी होते. ते परत येईपर्यंत साठांपैकी आठ रोपं उरली. तेव्हापासून प्रत्येक ओळीसमोर मी एक प्रश्न विचारते, आणि माझे सहकारी त्यावरून मला चिडवतातही: “किल्ली कोणाकडे आहे?” कधी ती खरी किल्ली असते. कधी एखाद्याची सही असते, कधी शिडी, कधी एखाद्या ज्येष्ठाचा होकार.

तर रकाने पाच ठेवा: काय, कोण, कधीपर्यंत, आधी काय लागेल, आणि झालं हे कशावरून कळेल. शेवटचा रकाना लोक गाळतात. मग ‘पाठपुरावा सुरू’ अशी ओळ वर्षभर तशीच बसून राहते, कारण पाठपुरावा संपला हे कळायची सोयच नसते.

तुमचीच पहिली ओळ घेऊन करून दाखवते. ‘स्वच्छता – सर्वजण – लवकरात लवकर’ याची मी चार तुकड्यांत मोडणी करीन. त्यातला एक तुकडा असा दिसेल. काय: रस्त्याच्या बाजूपासून मोठ्या झाडापर्यंतचं गवत कापणे, एवढंच. कोण: एक नाव, समजा कोपऱ्यावरच्या घरातल्या ताई (सोबत सहा जण, त्यांची नावं त्या स्वतः गोळा करतील). कधीपर्यंत: येत्या रविवारी सकाळी सात ते नऊ, नाही जमलं तर त्याच्या पुढचा रविवार. आधी काय लागेल: चार विळे, हातमोजे, आणि कापलेलं गवत कुठे न्यायचं ते ठिकाण. झालं हे कशावरून: त्या झाडाखाली उभं राहून रस्त्यावरच्या माणसाचे पाय दिसले पाहिजेत.

‘पाय दिसले पाहिजेत’ हे एका माळीकाम करणाऱ्या काकांनी सुचवलं होतं. ‘गवत नीट कापलेलं असावं’ यावर दोन तास वाद होऊ शकतो, पायांवर होत नाही.

वेळ आणि ठिकाण इतकं बारीक लिहायचं हा माझा हट्ट नाही, त्याला आधार आहे. पीटर गोलविट्झर आणि त्यांच्या सहकारी वेरोनिका ब्रांडस्टेटर यांनी विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक छोटा अहवाल लिहायला सांगितला. निम्म्यांना अहवाल नेमका केव्हा आणि कुठे बसून लिहिणार हे आधीच ठरवायला लावलं. त्यांच्यातल्या सुमारे ७० टक्क्यांनी तो ठरलेल्या वेळात लिहिला; बाकीच्यांतल्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाने. ‘लवकरात लवकर’ ही तारीख नव्हे. ती वेळ मारून न्यायची एक सभ्य पद्धत आहे.

तारखांबद्दल दुसरी सूचना: तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ लागेल, हे वाक्य वाचून धरलेल्या वेळेपेक्षाही जास्त लागेल. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या, कॅनडातल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध पुरा व्हायला किती दिवस लागतील असं विचारलं. सरासरी उत्तर ३४ दिवस. ‘सगळंच बिघडलं तर?’ याचं उत्तर ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५. म्हणजे सगळ्यात वाईट अंदाजही आशावादीच निघाला. मी सरळ दीडपट करते, आणि ज्या कामात दुसऱ्याची सही लागते तिथे दुप्पट. यावर ‘मॅडम फार निराशावादी आहेत’ असं ऐकूनही घेते.

सहीचा विषय निघालाच आहे तर परवानगीवर थोडं जास्त बोलते, कारण उत्साही गट इथेच गळतात. एक, जागा कोणाची हे लेखी कळेपर्यंत खड्डा खणू नका, खांब रोवू नका. गवत कापायला सहसा कोणी हरकत घेत नाही, कायमस्वरूपी काही उभारलं की घेतात. दोन, तोंडी ‘हो, करा करा’ याला काडीची किंमत नाही. सांगणारा खोटं बोलत असतो असं नाही, पण तो बदलून जातो आणि नवा माणूस विचारतो, कागद कुठे आहे? तीन, अर्ज दिला की पोच घ्या, त्यावर तारीख आणि आवक क्रमांक घ्या, आणि तिथेच विचारा: “हा पुढे कोणाच्या टेबलावर जाईल? आणि मी चौकशीला कधी येऊ?” सांगितलेल्या दिवशी जा. दर वेळी एकाच माणसाने जावं. चेहरा ओळखीचा झाला की अर्धं काम होतं. शिष्टमंडळ घेऊन जाण्याचा मोह आवरा. पंधरा माणसं आत शिरली की समोरचा खुर्चीतच आखडतो.

आणि परवानगीची वाट बघत बाकी सगळं भिजत घोंगडं ठेवू नका. कामांची दोन ढिगांत विभागणी करा: सहीशिवाय होणारी आणि सहीनंतरची. पहिल्या ढिगातलं एक तरी काम तीन आठवड्यांच्या आत डोळ्यांना दिसलं पाहिजे. मोठं नको. खरं तर मोडता येईल, उचलून नेता येईल असंच हवं. बाकं विकत घ्यायच्या आधी घरोघरच्या खुर्च्या आणून एक संध्याकाळ त्या जागेत ठेवा आणि काय होतं ते बघा. खेळाचं मैदान आखायच्या आधी चुन्याने रेघा मारा. लोक खुर्च्या ओढून जिथे नेतील तिथे तुमची बाकं हवीत. चुन्याची रेघ पाण्याने जाते, सिमेंटची चूक वीस वर्षं समोर उभी राहते.

पैशाबद्दल फार बोलत नाही. तीन वेगळे आकडे काढा: एकदाच लागणारा, दर महिन्याला लागणारा, आणि पैशाऐवजी वस्तू किंवा श्रमाने भागणारा. पहिल्यासाठी देणगीदार मिळतात, दुसऱ्यासाठी मिळत नाहीत. म्हणून आधी दुसरा आकडा काढा आणि तो वस्तीला झेपतो का ते बघा. नसेल झेपत तर पहिला कापा. पैसे ठेवणारा आणि खर्चाला मंजुरी देणारा एकच माणूस नको. आणि दर महिन्याचा जमाखर्च जागेतल्याच फलकावर चिकटवा, कोणी मागायच्या आत. मागितल्यावर दाखवलेला हिशोब कितीही चोख असला तरी संशय उरतोच.

आता विरोधाविषयी. तुम्ही लिहिलंय, ‘समोरच्या घरातले एक गृहस्थ सोडले तर सर्वांचा पाठिंबा आहे.’ ते एक गृहस्थ मला सगळ्यात कामाचे वाटतात. त्यांना काय भीती आहे? मुलांचा गोंगाट, खिडकीवर येणारा चेंडू, रात्री उशिरापर्यंत बसणारी माणसं. या तिन्ही गोष्टी घडणार आहेत. ते बैठकीत बोलले म्हणून तुम्हाला आत्ता कळलं. न बोलता थेट तक्रार करणारे आणखी दोघे-तिघे असतील. त्यांच्याकडे एकट्याने जा, समजूत घालायला नव्हे, विचारायला: दिवे किती वाजता बंद व्हावेत? जाळी कुठल्या बाजूला हवी? त्यातलं जमेल ते आराखड्यात घ्या आणि त्यांनी सुचवलं म्हणून घेतलं असं बैठकीत सांगा. मी पाहिलंय, असाच एक माणूस पुढे रात्री साडेनऊला रोज स्वतः दिवे बंद करायला यायचा. कौतुकासाठी नव्हे हो, त्याला झोपायचं असायचं. पण काम झालं ना!

यासाठी बैठकीत करायचा एक सोपा प्रकार आहे. गॅरी क्लाइन यांनी २००७ साली तो मांडला. सगळ्यांना सांगायचं: समजा एक वर्ष उलटलंय आणि आपला उपक्रम पार फसलाय. का फसला ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहा, नाव न घालता. ‘काही अडचणी येतील का?’ असं विचारलं की लोक सौजन्याने गप्प बसतात. ‘फसलाच आहे, कारण सांगा’ म्हटलं की पेनं चालायला लागतात. एका बैठकीत मी चिठ्ठ्या वाचत होते आणि बत्तीसपैकी अकरा चिठ्ठ्यांत एकच मजकूर होता: ‘अमुक आणि तमुक यांचं भांडण झालं.’ दोघेही समोर बसले होते. खोलीत क्षणभर शांतता, मग ते दोघेच आधी हसले. नंतर त्यांनी आपापली कामं वेगळी करून घेतली, एकमेकांवर अवलंबून न राहणारी. उरलेल्या चिठ्ठ्यांतली पहिली तीन-चार कारणं घ्या आणि त्यांच्यावरचे उपाय आराखड्यात नव्या ओळी म्हणून घाला. त्यांनाही नाव आणि तारीख लागेल.

आढाव्यासाठी वेगळी बैठक नको, पंधरा दिवसांतून वीस मिनिटं पुरेत, शक्यतो त्याच जागेत उभ्याउभ्या. ज्याचं त्याने आपल्या ओळीपुरतं बोलावं: झालं, नाही झालं, किंवा अडलंय आणि अमुक हवंय. ‘का नाही झालं’ याची चौकशी तिथे लावू नका. दोनदा झालं नाही तर तीनच मार्ग आहेत: काम लहान करा, दुसऱ्याला द्या, किंवा खोडून टाका. खोडायला लोक घाबरतात. उलट ज्या आराखड्यावर काट मारलेली एकही ओळ दिसत नाही, तो कोणी उघडून बघत नाही असं मी खुशाल धरून चालते. कागद भिंतीवर असू द्या, पेनने लिहिलेला, मळलेला. संगणकावरचा देखणा तक्ता ज्याच्याकडे असतो त्याचाच होऊन बसतो.

राहता राहिली देखभाल. तुमच्या कागदात उद्घाटनाची तारीख आहे आणि त्यानंतर काहीच नाही. खरं तर वर्षाच्या त्या चित्रापैकी निम्मी मेहनत उद्घाटनानंतरची आहे. दिवा जातो, बाकाची फळी निखळते, कचऱ्याचा पहिला ढीग पुन्हा त्याच कोपऱ्यात पडतो. सामाईक मालमत्ता लोक स्वतः कशी सांभाळतात यावर एलिनॉर ऑस्ट्रम यांनी आयुष्यभर काम केलं, २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कुरणं, जंगलं, मासेमारीची पाणी, कालवे यांच्या व्यवस्था त्यांनी तपासल्या. पिढ्यानपिढ्या टिकलेल्या व्यवस्थांत काही गोष्टी सारख्या सापडल्या: वापरणाऱ्यांनीच नियम केलेले होते, लक्ष ठेवणारे त्यांच्यातलेच किंवा त्यांना उत्तर देणारे होते, आणि नियम मोडणाऱ्याला पहिल्या वेळी हलकी समज, पुन्हा मोडला तर जरा जास्त, अशी चढती शिक्षा होती. तुमच्या फलकावर ‘कचरा टाकणाऱ्यावर कडक कारवाई करण्यात येईल’ असं लिहायचं ठरलंय. ते लिहू नका. कडक कारवाई कोणी करणार नाही आणि हे कचरा टाकणाऱ्यालाही ठाऊक आहे. त्यापेक्षा कोणाशी बोलायचं ते नाव लिहा, महिन्याची पाळी लावा, आणि पाळीवाल्याने फक्त जाऊन ‘इथे नको हो’ एवढं म्हणायचं ठरवा. बहुतेकांना पहिल्या वेळी तेवढं पुरतं.

पाळीची यादी करताना दिव्याच्या पेटीची आणि नळाच्या फाटकाची किल्ली प्रत्येकी दोन घरांत राहील हे बघा.

चौथ्या बैठकीची तयारी अशी करा. आधीच्या आठवड्यात तुमच्यातल्या चौघांनी त्या जागेत चार वेगवेगळ्या वेळी तासभर बसून यावं. वीस घरांत जाऊन यावं. जागेच्या मालकीचा कागद मागायला एकाने जावं. मिळाला नाही तरी कधी मिळेल ते कळेल. बैठकीत आधी चौघांनी काय पाहिलं ते सांगायचं, दहा मिनिटांत. मग वर्षानंतरच्या संध्याकाळचं वाक्य. मग चिठ्ठ्या. रकाने आखलेला मोठा कागद भिंतीवर आधीच लावून ठेवा आणि त्या दिवशी फक्त पुढच्या सहा आठवड्यांच्या ओळी भरा, आठ-दहापेक्षा जास्त नकोत. पुढचं धूसर राहू द्या, दर आढाव्याला पुढचे दोन आठवडे भरत जा.

कोणीतरी उठून दुसऱ्या रकान्यात ‘सर्वजण’ लिहायला लागेलच. तेव्हा त्याच्या हातातलं पेन हलकेच काढून घ्या आणि विचारा, “बरं, रविवारी सकाळी सातला मी फोन कोणाला करू?”